चंपतरावांच्या भिंतीतल्या गोचिड्या

चंपतराव गजभिये पहिल्यांदा आमच्या नागपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात आले ते एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात. लकडगंजातून हातगाडी ओढत आले होते. गाडीवर ओल्या पोत्याखाली एक काळा कुत्रा निपचित पडला होता. मला नोकरीला लागून आठच महिने झाले होते. तोवर म्हशी, बैल आणि कोंबड्याच वाट्याला आल्या होत्या. कुत्र्यासाठी एवढ्या उन्हात कोणी आलेलं पाहून मला आनंद झाला, हे कबूल करतो.

चंपतरावांना तसलं काही झालेलं दिसलं नाही. त्यांनी आधी मला नीट पाहून घेतलं, मग औषधांचं कपाट, मग मागचं दार.

"तुमी कोन्या गावचे?"

वरोऱ्याकडचा, असं सांगितलं. मग वरोऱ्याकडे कोणतं गाव, वडील काय करतात, नागपुरात खोली कुठे, खोलीचा मालक कोण, एवढं सगळं विचारून झालं. नोकरीच्या मुलाखतीत मला याच्या निम्मे प्रश्न विचारले होते. तोपर्यंत कुत्र्याला हात लावू दिला नाही.

याचं कारण मला पुढे कळलं. चंपतराव कृष्णकांतशेठच्या टालीवर, म्हणजे इमारती लाकडाच्या वखारीवर, चौकीदार होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी कोणीतरी टालीवरच्या कुत्र्यांना भज्यांतून काहीतरी खाऊ घातलं. कुत्रे दीड दिवस झोपून राहिले आणि सागाचे आठ लठ्ठे, म्हणजे ओंडके, चोरीला गेले. तेव्हापासून कुत्र्यांना खायला घालायचं ते फक्त चंपतरावांनी नाहीतर त्यांच्या बायकोने, प्रयागबाईंनी. अनोळखी माणसाच्या हातातलं औषध त्यांच्या लेखी भज्यांपेक्षा वेगळं नव्हतं.

कुत्र्याचं नाव डांबर. त्याच्या कानांत गोचिड्यांचे घोस लागले होते. बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी, सगळीकडे त्याच. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि अंगात ताप होता. त्याच्या जोडीची भुरी मागच्याच आठवड्यात अशीच गेली होती. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ताप देऊन जाते, हे मी सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर माझ्या हातावर होती. इंजेक्शनची बाटली त्यांच्यासमोर फोडायला लावली, वरचं नाव त्यांनी स्वतः अक्षर लावून वाचलं आणि रिकामी बाटली खिशात टाकली. पावडर कशी चोळायची, ती चाटू नये म्हणून तोंड किती वेळ बांधून ठेवायचं आणि नंतर अंग कसं झाडायचं, ते मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी प्रत्येक गोष्ट कशी केली ते कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगितलं.

दहा दिवसांनी डांबर उभा राहिला. पण मे उजाडला आणि गोचिड्या पुन्हा तेवढ्याच.

"पावडरीत पीठ मिसळलं काय कोनी?" चंपतरावांनी विचारलं. 'कोनी' म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते.

मला राग आला. त्याच दुपारी सायकल काढली आणि टाल गाठली.

तिथे गेल्यावर गोष्ट माझ्या पावडरीपुरती नाही हे कळलं. टालीचे मुनीम मनोहरराव कचेरीत पांढऱ्या गादीवर बसत. त्या गादीवर त्यांना गोचीड सापडली होती. महिनाअखेर टालीवर एकही कुत्रा नको, असा त्यांनी हुकूम दिला होता. चंपतरावांचं वय पंचावन्नच्या पुढे. लठ्ठा पडून डावा पाय अधू झालेला. ते हाक मारायचे आणि कुत्रे धावायचे, अशी त्यांची चौकीदारी होती. कुत्रे गेले की आपली गरज संपली आणि नोकरीबरोबर मिळालेली खोलीही गेली, हे त्यांना कोणी सांगायची जरुरी नव्हती. म्हणून ते मनोहररावांना चारचौघांत म्हणाले होते, "कुत्रे गेले तं मंग टालीचं काय होते ते पाहा." हे वाक्य पुढे फार महागात पडलं.

त्यांची खोली टालीच्या कोपऱ्यात होती. मातीत रचलेल्या विटा, आणि विटांमधली माती जागोजाग गळालेली. भिंत पाहताच मला शिकलेलं सगळं आठवलं आणि मी सुरू झालो. पोट भरलं की गोचीड कुत्र्याच्या अंगावरून गळते, भिंत चढते, फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते, आणि उन्हाळ्यात ती भराभर फुटतात. तेव्हा नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

चंपतरावांनी मला संपू दिलं. मग खिशातून चाकूचं पातं काढून दोन विटांमध्ये घातलं. राखाडी रंगाच्या चार टपोऱ्या गोचिड्या आणि खसखशीसारखा अंड्यांचा एक गोळा खाली पडला.

"हे मले मांगच्या सालापासून ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमाले ठाऊक हाय का नाही, ते पाहून राहिलो होतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना फक्त उपाय हवा होता आणि तो माझ्याजवळ होता. कुत्र्यांच्या घराच्या फटींवरून ब्लो लॅम्पची ज्योत फिरवावी, म्हणजे अंडी, पिल्लं, मोठ्या गोचिड्या सगळं जळून जातं, असं आमच्या पुस्तकात होतं. ब्लो लॅम्प म्हणजे जुना रंग जाळायला रंगारी वापरतात तो रॉकेलचा दिवा. मी हे अगदी ओळ न् ओळ सांगितलं. सांगताना माझी पाठ सागाच्या थप्पीला टेकलेली होती, आणि तरीही आपण काय बोलतो आहोत हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकातली कुत्र्यांची घरं सिमेंटची होती आणि त्यांच्या भोवती हिरवळ होती.

"पुस्तकात लिवलं हाय?" चंपतरावांनी विचारलं.

"लिहिलं आहे."

त्यांनी मान हलवली. इतक्या दिवसांत मी सांगितलेलं त्यांनी लगेच मान्य केलं, असं पहिल्यांदाच घडलं.

पुढचं मला प्रयागबाईंकडून आणि शेजारच्या टालीवाल्यांकडून कळलं. महाल भागातल्या एका ओळखीच्या रंगाऱ्याकडून चंपतरावांनी दिवा आणला. रविवारी टालीवरची लाकूड कापायची आरामशीन बंद असते, म्हणून दुपारी काम काढलं. आधी खोली रिकामी केली. गाद्या, भांडी, पत्र्याची पेटी, आणि प्रयागबाईंच्या नव्या लुगड्यात गुंडाळलेल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, सगळं फाटकाजवळच्या लिंबाखाली नेऊन ठेवलं. कुत्रे तिथेच बांधले. खोलीच्या दारावर भिजवलेली पोती टांगली, पाण्याची चार पिंपं भरून ठेवली, आणि मग दिवा पेटवला. एकेक फट सावकाश जाळत तीन भिंती केल्या.

चौथीला हात घातला आणि मनोहरराव चष्मा विसरला म्हणून टालीवर आले.

त्यांनी काय पाहिलं असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. चौकीदाराचा संसार फाटकाबाहेर निघण्याच्या बेताने बांधून ठेवलेला, कुत्रे सुरक्षित जागी, बायको गाठोड्याशी बसलेली, आणि आत लाकडांच्या मधून ज्योतीचा फरफर आवाज. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

त्यांच्या ओरडण्याने शेजारच्या टालींवरून चार माणसं धावली, दिवा हिसकावला. सोमवारी शेठनी बुधवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं. पोलीस चौकीचंही बोलणं निघालं. चारचौघांत बोललेलं वाक्य होतंच, आता बाहेर काढलेलं सामानही पुराव्याला आलं. हे तुला कोणी सुचवलं, असं शेठनी विचारल्यावर चंपतराव एवढंच म्हणाले की माझ्याच मनाने केलं.

मंगळवारी सकाळी प्रयागबाई दवाखान्यात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टर, भित्त जाळाचं तुमीच सांगतलं ना?"

मी हो म्हणालो.

"मंग ते तुमचं नाव काहून घेत नाही, मालूम हाय? ते म्हनतात, सरकारी मानूस कागदावर नसलेलं कबूल करत नाही. आपुन नाव घेतलं आन तुमी नाई म्हनलं, तं मंग आपुन आगलावे बी आन खोटारडे बी."

एवढं बोलून, मी काही म्हणायच्या आत त्या निघून गेल्या.

त्यानंतर अर्धा तास मी खुर्चीत बसून होतो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. लाकडाच्या टालीत आग लावायचा सल्ला देणारा डॉक्टर, हे वरिष्ठांच्या कानी गेलं तर काय होईल ते दिसत होतं. चंपतरावांनी नाव घेतलेलं नाही, म्हणजे आपल्याला कोणी विचारणारही नाही, हा विचार त्या अर्ध्या तासात माझ्या मनात आला आणि बराच वेळ राहिला. मग मी सायकल काढली.

टालीच्या कचेरीत कृष्णकांतशेठनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ये आदमी तुम्हारे समाज का है क्या?"

मी नाही म्हटलं, आणि आपण या प्रश्नाला उत्तर का दिलं याचा मलाच राग आला. मनोहररावांनी विचारलं, मग तुम्हाला पाठवलं कोणी? मी म्हटलं, खोलीच्या भिंती दाखवतो, चला. दोघेही उठेनात. तेव्हा मी मनोहररावांना त्यांची गादी जरा सरकवायला सांगितली. गादीमागे लाकडी फळी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. टेबलावरचा कागद कापायचा चाकू घेऊन मी तीत फिरवला. दोन टपोऱ्या बाहेर पडल्या आणि पाठोपाठ तिळाएवढी लाल पिल्लं भिंतभर पसरली. शेठनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"लिखकर दे दो," ते म्हणाले.

मी लिहून दिलं. अमुक तारखेला अमुक सल्ला मी दिला, चंपतराव गजभिये यांनी तो माझ्या सांगण्यावरून अमलात आणला. मनोहररावांनी कागद दोनदा वाचला, उजेडाकडे धरून सही पाहिली आणि गल्ल्यात ठेवला.

चंपतराव राहिले, कुत्रेही राहिले. पण प्रयागबाईंची चूल फाटकाबाहेर गेली आणि चंपतरावांच्या बिड्या बंद झाल्या. गवंडी लावून खोलीच्या आणि कचेरीच्या सगळ्या फटींत आधी पावडर फुंकली आणि मग त्या चुना-रेतीने बुजवल्या. तो उन्हाळाभर दर रविवारी मनोहरराव अवेळी येऊन टालीला एक फेरी मारत. त्यांच्यामागे तीन पावलांवर चंपतराव चालत, कारण सुट्टीच्या दिवशी मुनीम टालीत कशाला फिरतो हे त्यांनाही पटत नव्हतं.

मी लिहून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चंपतराव दवाखान्यात आले, कुत्र्याशिवाय. आभार मानायला आले असतील असं मला वाटलं.

"त्या कागदाची नक्कल मले पायजे."

मी पुन्हा लिहून काढलं. त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. सल्ला म्हणजे सांगितलंच ना, असं विचारून खात्री केली. लिहून दिल्यावर फिरता येत नाही ना, असंही विचारलं. मग म्हणाले, "शिक्का?"

शिक्का मोठ्या साहेबांच्या खणात असे. तो मागायचा म्हणजे त्यांना सगळं सांगावं लागणार होतं. चंपतराव जागचे हलले नाहीत. मी आत गेलो. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडून पहिल्यापासून सगळं वदवून घेतलं आणि पाव तास माझी हजेरी घेतली. पुस्तकातलं जनावर आणि नागपुरातलं जनावर, यावर बरंच बोलले. शेवटी खण उघडून शिक्का मारला.

बाहेर आलो तर चंपतराव बाकावर नव्हते. साहेबांच्या दाराला लागून, कान देऊन उभे होते. मी आत तेच सांगतो की दुसरं काही, हे त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि ते लपवलंही नाही. कागद हातात घेऊन शिक्क्याची शाई वाळली का ते बोटाने पाहिलं, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

"डांबरचे कान अजून लाल हायेत," ते म्हणाले. "उद्या घेऊन येतो त्याले."