बालकक्षातला कांदा

मी पंधरा वर्षांची होते आणि वर्गातल्या सगळ्या मुलींपेक्षा उंच होते, म्हणजे कौटुंबिक न्यायालयाच्या बालकक्षात बसायला सर्वथा अपात्र. पण तसा आदेशच होता. आईबाबांचा खटला चालू असेपर्यंत मी आईकडे राहायचं आणि दर शनिवारी दुपारी बाबांनी मला त्या खोलीत येऊन भेटायचं. भिंतीवर ससे रंगवलेले होते, कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी होती आणि बसायला बालवाडीतल्या लाल-पिवळ्या खुर्च्या. बाबा चांगले ताडमाड. त्या खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे हनुवटीपाशी यायचे आणि ते उगाचच हळू आवाजात बोलायला लागायचे. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

कारण बाबांचा खरा आवाज मला माहीत होता. मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा गाळा होता. गोण्यांच्या थप्पीवर उभं राहून त्यांनी हाक मारली की पार पलीकडच्या गाळ्यावरचं गिऱ्हाईक वळून बघायचं. मी प्राथमिक शाळेत असल्यापासून दर रविवारी पहाटे त्यांच्याबरोबर जात असे. हमालमामा मला बशीत चहा ओतून द्यायचे आणि बाबा मला कांदा शिकवायचे. "आधी मान बघ," ते म्हणायचे. कांद्याची मान अंगठ्याने दाबायची. सुकी आणि घट्ट लागली तर माल टिकणार. मऊ लागली तर बाहेरून कितीही गुलाबी दिसो, आतून गेलेला. माझा अंगठा सहसा चुकत नसे. शाळेत कधी कुणी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही, पण यार्डात बाबा अनोळखी माणसांना थांबवून सांगायचे, "हिला विचारा, हिला."

आता शनिवारी यार्ड बंद असतं, म्हणून बाबांना शनिवार सोयीचा, म्हणून भेटीला शनिवार. दोन्ही वकिलांचं यावर लगेच एकमत झालं, आणि त्या खटल्यात एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. त्यात माझा रविवार गेला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दहावीच्या मुलीने पहाटे ट्रकांच्या गर्दीत जाऊ नये, असं आईचं म्हणणं होतं, आणि बाबांनी ते निमूट मान्य केलं होतं.

मग बाबांनी तोडगा काढला. दर शनिवारी ते शर्टाच्या खिशात त्या आठवड्याच्या मालातला एक कांदा घेऊन येऊ लागले. मी मान दाबायची, सालीचा आवाज ऐकायची आणि निकाल द्यायची. बालकक्ष सांभाळणाऱ्या बाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, इथे एवढी खेळणी आहेत की!"

"तिचं खेळणं मी बरोबर आणलंय," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते जरा मोठ्याने बोलले, म्हणून मला फार बरं वाटलं.

आईबद्दल गैरसमज नको. आई वाईट नव्हती आणि बाबाही वाईट नव्हते. एकत्र ठेवले की दोघंही बिघडायचे, एवढंच. सदाशिव पेठेत दोन खोल्या घेऊन आम्ही मायलेकी राहायचो. आई शाळेत शिकवायची आणि येताना कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून कांदे आणायची. ते चार दिवसांत सडायचे. ती अर्धा कांदा कापून टाकायची, अर्धा भाजीत घालायची आणि त्यावर एक अक्षर बोलायची नाही. मीही बोलायची नाही.

खटला शेवटाकडे आला तेव्हा एका मावशीने मला जिन्यात गाठून सांगितलं, "आता न्यायाधीशबाई तुलाच विचारणार हो, आई पाहिजे का बाबा." त्यानंतर मला जेवण जाईना. आई म्हटलं तर बाबा त्या खुर्चीत कायमचे बसणार, आणि बाबा म्हटलं तर आई संध्याकाळी एकटी अर्धा कांदा चिरत बसणार. दोन्ही चित्रं मला डोळ्यांसमोर नको होती.

न्यायाधीशबाईंपुढे जायच्या आदल्या दिवशी न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला बोलावलं. त्यांची खोली म्हणजे फाइलींच्या कपाटामागे उरलेली जागा होती. मी बसले आणि सरळ रडायलाच लागले. त्यांनी मला पोटभर रडू दिलं, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "तुला बोलायचा हक्क आहे. कळत्या वयाच्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं कायदाच सांगतो. पण आई की बाबा हे तू ठरवायचं, असं त्यात कुठेही नाही. ते ठरवायचा पगार न्यायाधीश मॅडमना मिळतो, तुला नाही."

"मग मी बोलू काय?"

"तुझा आठवडा कसा असावा ते सांग. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल, तर तसं म्हण."

"असं चालतं?"

"चालतं म्हणजे? तोही हक्कच आहे तुझा."

मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्या दिवशी घरी जाऊन मी चार पोळ्या खाल्ल्या. आईने बघितलं, पण टोमणा मारला नाही. ताट उचलताना फक्त म्हणाली, "उद्या तुला जे वाटतं ते सांग. मला काय वाटेल ते माझं मी बघीन." मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाईंच्या दालनात फक्त मी आणि त्या. आईबाबा बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बोला. कुणाकडे राहायचंय?"

"याचं उत्तर मला द्यायचं नाही," मी म्हणाले.

"बरं. मग कशाचं द्यायचंय?"

"आईकडे आहे तशी मी ठीक आहे. पण मला रविवारी पहाटे यार्डात जायचंय. बाबा खुर्चीत मावत नाहीत." हे वाक्य मनात नीट जमवलं होतं, बाहेर पडताना त्याची खिचडी झाली.

"यार्डात जाऊन आपण काय करता?"

"कांदा ओळखते."

बाईंचा चेहरा हलला नाही. "तो तर मीही ओळखते. गोल असतो."

मी दप्तरातून शनिवारचा कांदा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "मान दाबून बघा."

बाईंनी खरंच अंगठ्याने मान दाबली. मी त्यांना घट्ट म्हणजे काय, मऊ म्हणजे काय, साल कशी वाजते, सगळं सांगितलं. कागद घेऊन आत आलेला शिपाई दारातच थबकला. बाई कान लावून कांदा ऐकत होत्या. मग त्या हसायला लागल्या, आणि मलाही हसू आवरेना.

"अभ्यासाचं काय?"

"नऊच्या आत घरी, मग दिवसभर अभ्यास. आणि सहामाहीत गुण कमी पडले तर यार्ड बंद."

"ही अट तुमच्या आईची का?"

"माझीच."

"वकील बरे आहेत तुमचे," बाई म्हणाल्या. "आणखी काही?"

"बालकक्षात मोठ्या खुर्च्या ठेवा. मोठी मुलंही येतात तिथे."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. मी कांदा उचलायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. एवढा एकच साक्षीदार खरं बोललाय या खटल्यात."

आदेश झाला तो असा, की मी आईकडेच राहायचं आणि रविवारची सकाळ बाबांची. आईच्या वकिलांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर आईनेच हाताने त्यांना थांबवलं. पुढच्या शनिवारी बालकक्षात आम्ही शेवटचे गेलो. सशांच्या भिंतीखाली दोन लाकडी खुर्च्या आल्या होत्या, बहुधा कुठल्या तरी कोर्टातून उचलून आणलेल्या. बाबा बसले. पाठ टेकली, पाय पसरले आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागले. बालकक्षाच्या बाईंनी "अहो, हळू!" म्हणून दटावलं. मी टाळ्या वाजवल्या.

रविवारी अजून अंधारच होता. आईने मला लूनावरून यार्डाच्या फाटकापर्यंत सोडलं. आतून बाबांची हाक ऐकू येत होती, तीही ऐकत होती. तिने लूना बंद केली नाही. मी दोन पावलं गेले तोच तिने मला परत बोलावलं आणि पर्समधून घडी घातलेली कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"येताना दोन किलो आण," आई म्हणाली. "आणि आधी मान बघ."