नुसत्या चहाचा कार्यक्रम

आमच्या चिंचवडच्या कॉलनीत आजवर पुष्कळ सत्कार झाले. पण सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठून गोधडीत शिरल्या असा सत्कार एकच झाला, आणि त्याचा संयोजक मी होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कंपनीत फिटर होतो आणि कॉलनीच्या उत्सव मंडळाचा चिटणीस. फिटर पोटासाठी, चिटणीस हौसेसाठी. कार्यक्रम म्हटला की माझ्या अंगातच यायचं. "कुणाचं बाळ उपडं पडलं तरी हे माईकवाल्याला निरोप धाडतील," असं आमची ही सगळीकडे सांगायची. साफ खोटं! (एकदाच धाडला होता, आणि बाळ साहेबांचं होतं.)

अशा माणसाला देवानं मुलगी दिली ती संगीता. नाव संगीता, आणि लांबून बँड ऐकू आला तरी पोरगी घामानं भिजायची. कंपनीचा भोंगा झाला की खाटेखाली. केस विंचरायला घ्यावेत तर शेजारची धावत यायची, "अहो, पोरीला भाजलं का काय?" नायलॉनचा फ्रॉक अंगावर चढवला की लगेच काढून फेकायची, मग समोर पाहुणे असोत नाहीतर लग्नाची पंगत. आम्ही आधी तिला हट्टी म्हणालो, मग दृष्ट काढली, मग आळंदीहून कुणीतरी सांगितलेला काढा आणला. काढ्याचं बूच उघडल्याबरोबर ती ओकली. खरं सांगायचं तर मीही ओकलो.

खरा घोर होता शाळेचा. आदल्या जूनमध्ये तिला घेऊन गेलो, तर मोठ्या बाई तिला नाव विचारत असतानाच बाहेर घंटा झाली. संगीता टेबलाखाली! ओढून काढायला शिपाई गेला, तर त्याला चावली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे भलेभले बाप खिशातले हात बाहेर काढून उभे राहायचे. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणा. तेव्हाही हेच झालं तर मला तिला घेता यायचं नाही. एकेका वर्गात किती मुलं असतात, बघताय ना?" चालत जाण्यासारखी शाळा तेवढी एकच. घरी आल्यावर ही पोळ्या लाटता लाटता रडली. आणि मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, यावरूनच काय ते समजा.

त्या वर्षी कॉलनीत शैलाताई राहायला आल्या. त्यांचे यजमान आमच्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्या स्वतः मुंबईच्या मोठ्या इस्पितळात असल्या मुलांवर उपचार करायला शिकलेल्या. त्यांनी संगीताला जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हा हट्ट नाही. आपल्याला भोंगा नुसता ऐकू येतो, तिला तो लागतो. कॉलर आपल्या मानेला शिवते, तिला टोचते. अशी आणखी मुलं असतील बघा."

होती ना! ताईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत समाजमंदिरात अशा मुलांचा वर्गच काढला. एकाला चिखलात पाय घालवत नव्हता, एकीला भाताशिवाय काही गिळवत नव्हतं. जवळच्या मोशी गावच्या एका आजीनं आपला नातू बाळ्या आणला, त्याची तऱ्हाच उलटी. "ताई, याला काय लागतच न्हाई बगा! भित्तीला धडाकतोय, म्हशीला धडाकतोय. माया आली की असा आवळतोय, माजी बरगडी हालली व्हय!"

वर्ग म्हणजे पाटी ना पुस्तक. ट्रकच्या टायरची ट्यूब छताच्या वाशाला टांगली, तिचा झोका. ज्वारीनं भरलेलं पिंप, त्यात कोपरापर्यंत हात घालून खेळायचं. विटांनी भरलेली खोकी ढकलायची. आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली गुहा. कुणाला फारच झालं की त्यानं गुहेत जायचं, गोधडी घट्ट गुंडाळून घ्यायची, वरून दुसऱ्यानं हळूहळू दाबायचं. (दाबायचं काम बाळ्याचं. पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "अजून जोरात" म्हणालं!) आणि काय सांगू, महिन्याभरात संगीता केस विंचरू द्यायला लागली. ही त्या दिवशीही रडली. पण पोळ्या चांगल्या झाल्या.

सुट्टी संपत आली. ताई म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंना बोलावू. मुलं रोजच्यासारखी खेळतील, बाई कोपऱ्यात बसून संगीताला बघतील. पटलं तर प्रवेश देतील. एकदम साधं ठेवायचं हं भाऊ."

"साधंच! पण चहा तरी?"

"चहा चालेल."

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? चहा म्हटला की कपबशा आल्या. कपबशा आल्या की टेबल आलं, टेबलावर चादर, चादरीवर फुलदाणी. फुलं आणायची तर हारही आणायचा, एवढ्या मोठ्या बाईंना नुसत्या चहावर पाठवायचं का? हार आला म्हणजे सत्कार आला. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, अत्तर, गुलाबपाणी. आणि सत्कार चालू आहे हे लोकांना कळणार कसं? म्हणून माईक! इतकं सगळं होतंय आणि बाई फाटकातून मुकाट्यानं चालत येणार, हे बरं दिसतं का? म्हणून ताशा. मी ठरवून काहीच केलं नाही, एकातून एक निघत गेलं.

ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, पोरांना कशाकशाचा त्रास होतो ते आठवून आठवून आणलंत का हे सगळं?"

"अगं, मुलांसाठी नाही हे, बाईंसाठी आहे!"

"आणि पोरं काय मोशीला जाऊन बसणार आहेत?"

बायकांना संयोजनातलं कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. (मोठ्यानं म्हणायची माझी टाप नव्हती.)

दिवस उजाडला. मेचा महिना, समाजमंदिराला पत्रे. ताई मुलांना घेऊन आत होत्या, त्यांना मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं, सामानही चादरीखाली झाकून ठेवलं होतं, म्हटलं चकित होतील. मोठ्या बाई फाटकाशी आल्या आणि मंडळाच्या पोरांनी ताशा असा बडवला की बाई दोन पावलं मागं सरल्या. मी त्यांना आत घेऊन गेलो, तर हॉलमध्ये एक मूल दिसेल तर शपथ! पिंपाच्या मागं दोघं, खोक्यांआड एक, बाकीची पडद्याआड. शैलाताई ट्यूबच्या झोक्याला धरून उभ्या होत्या. झाल्या होत्या खऱ्या चकित.

"भाऊ, हे काय?"

"चहा!" मी म्हणालो.

बाईंना खुर्चीत बसवलं. कार्यकर्त्यांनी दोन्ही मनगटांवर अत्तर चोळलं. गुलाबदाणी हलवली ती नेमकी चष्म्यावर. समोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला, धूर सरळ नाकात. मी झेंडूचा हार घातला. चांगला टवटवीत राहावा म्हणून रात्रभर पाण्यात ठेवला होता, तो बाईंच्या मानेवरून खाली ठिबकायला लागला. त्यावर शाल. लोकरीची! मे महिन्यात! आणि मग मी प्रास्ताविक सुरू केलं.

प्रास्ताविक मी थोडक्यात आटोपणार होतो, पण कॉलनीच्या स्थापनेपासून सुरुवात करणं भाग होतं. बाई आधी पाय हलवायला लागल्या. मग हाराशी झटापट. मग मान अशी वाकडी करून बसल्या. मला वाटलं, तल्लीन झाल्या! मी आवाज चढवला, तसा आतला कर्णा कुईंऽऽऽ करून किंचाळला. शैलाताईंनी धावत जाऊन त्याची वायर उपटली. बाहेर लिंबावर बांधलेला कर्णा मात्र चालूच होता. मी म्हणालो, "आता मोठ्या बाई दोन शब्द बोलतील," आणि माईक त्यांच्या हातात दिला.

बाई उठल्या. चेहरा लालभडक. "बास! बास करा!" एवढे दोन शब्द बोलल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि तरातरा चालत पडद्याआड गेल्या. माईक हातातच. लांबलचक वायर त्यांच्यामागून सरपटत गेली.

संपलं! शाळा गेली, पोरीचं वर्ष गेलं, आणि हे सगळं मी माझ्या हातानं, हार घालून केलं होतं. हिच्याकडे बघायची छाती होईना. तेवढ्यात बाहेरच्या लिंबावरून अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा संगीताचा आवाज आला.

"बाई, हार काढा आधी. टोचतो ना?"

"टोचतो गं."

"आणि पाणी पाठीवर जातं?"

"जातं ना! शी!"

"शाल पण काढा. रडलात तरी चालतं हं. इथे कुणी ओरडत नाही."

रात्रपाळी करून झोपलेली माणसं बनियनवर गॅलरीत येऊन ऐकायला लागली.

"ते माईकवाले कोण होते गं?" बाईंचा आवाज.

"माझे बाबा. मनानं चांगले आहेत. पण हौस फार."

कॉलनी हसली. (रात्रपाळीवाले जरा जास्तच हसले.)

"तुम्हाला गोधडी गुंडाळू का? बरं वाटतं. बाळ्या, दाब!"

"अरे अरे... अरे हळू... नाही, असू दे. असू दे बाळा. बरं वाटतंय."

मग बराच वेळ काही नाही. मोशीची आजी हळूच म्हणाली, "ग्येल्या का काय?" तेवढ्यात बाईंचा आवाज आला, पण तो शाळेतला नव्हताच. आमच्या घरातली कुणी मावशी बोलावी तसा होता.

"संगीता, शाळेत टेबलाखाली का गं गेली होतीस?"

"घंटा एकदम वाजली. आधी सांगितलं असतं तर मी कान झाकले असते."

"एवढंच?"

"आणि गणवेशाची कॉलर. ती कापली तर बसेन मी."

"मीसुद्धा दचकते गं त्या घंटेला. रोज. पण मोठ्या बाईंनी दचकून कसं चालेल?"

"इथे चालतं," संगीता म्हणाली.

ही माझ्या शेजारीच उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला.

थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या. अंबाडा सुटलेला, खांद्यावर गोधडी, हाताला धरून संगीता. हातातल्या माईककडे त्यांचं लक्ष गेलं, मग खिडकीबाहेरच्या गर्दीकडे. सगळं कॉलनीनं ऐकलंय, हे त्यांना कळलं. पण बाई शहाण्या, चष्मा पुसला आणि माईकवरच बोलल्या, "ही मुलगी जूनपासून माझ्या शाळेत येईल. घंटेच्या आधी शिपाई तिला खूण करील. कॉलर खुशाल कापा. बाळ्यालाही पाठवा, बाकं हलवायला उपयोगी पडेल."

टाळ्या पडणार तोच ताईंनी बोट ओठांवर ठेवलं, आणि सगळ्या कॉलनीनं हात वर करून नुसते हलवले. असला गुपचूप जल्लोष मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी भारावून आभारप्रदर्शनाला पुढं झालो. हिनं मागून शर्ट धरला.

"आणि एक अट आहे," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मुलीला शाळेत सोडायला आई येईल. वडिलांनी फाटकाच्या आत यायचं नाही. स्नेहसंमेलनाला तर नाहीच नाही!"

अट मी मान्य केली, आणि संगीता दहावी होईपर्यंत पाळली. शाळा फार चांगली आहे, असं सगळे म्हणतात.