कासारणीचा हात

मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या सुमीचा लुळा हात तिची आई, आमची कासारीण शालन, चोळत बसली होती. बांगड्या भरताना आपला हात मऊ करते ना, अगदी तशी.

डॉक्टर म्हणाले, “स्टेम सेलच्या या उपचाराला आपल्याकडे परवानगी नाही. काही देशांत आहे. पण गुण येईलच, असं तिथंही कुणी छातीठोक सांगत नाही.”

“हद्द ओलांडली की हाडामांसाचं माणूस बदलतं का हो?” शालननं विचारलं.

शेजारी बसलेली मी मनात तेच घोळवत राहिले. प्रत्येक देशानं आपापल्या भीतीची रेघ ओढलेली. कुठं फसवणुकीची, कुठं देवाची. ओढणारे वाईट नसतीलही, पण हा हात काही त्यांच्या हातात नव्हता.

शालननं हिरवी बांगडी चढवली. बांगडी भरताना कुठलीही बाई हात थोडा आखडतेच. सुमीनं आखडला नाही.