धनाजीचा कॅमशाफ्ट

आमच्या गावाला मान फार प्यारा. पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. तोच मान यंदा इंजिनात शिरला.

गाडी आमच्या संघटनेची, जुनी पेट्रोल व्हॅन. मंगलकाकूंना सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी माण तालुक्यातून साताऱ्याला न्यायला तेवढीच एक. इंजिन थकलं तसं मुंबईत कामाला असलेल्या पोरांनी सामान पाठवलं. एकानं पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, दुसऱ्यानं हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि काकूंच्या पुतण्यानं, धनाजीनं, शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा. एकाचं बसवून दुसऱ्याचं ठेवलं तर गावात भांडण, म्हणून गावच्या मेस्त्रीनं सगळंच बसवलं. गाडी काळा धूर ओकायला लागली आणि सोमवारी परतताना वर्धनगडच्या घाटात बंदच पडली. डायलिसिसनं गळालेल्या काकू रस्त्याकडेला दगडावर बसून राहिल्या. माझं डोकं फिरलं. गुरुवारच्या आत गाडी घाट चढलीच पाहिजे होती. ओढत साताऱ्याला नेली, बिरदेवकडे.

बिरदेव माणातलाच, धनगराचा. बापाबरोबर मेंढरं वळली, मग फौजेत गाड्यांचा मेस्त्री झाला. निवृत्त झाल्यावर कट्ट्यावर बसून गप्पा मारण्यापेक्षा लॅपटॉप घेतला आणि एमआयडीसीजवळ शेड टाकली. इंजिनाच्या कंप्युटरची मापं जुळवायची विद्या त्यानं चुकत चुकत कमावली. तोंडानं फाटका. म्हणूनच आमचं जमतं.

बॉनेट उघडून तो हसला. "ह्ये इंजिन हाय का लग्नातला आहेर? ज्यानं जे दिलं ते घातलं व्हय?"

"जमतंय का न्हाई, त्ये सांग."

"तुमी मोर्चात बोला. हितं मी बोलतो."

हे मी दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

"इंजेक्टर मोठं झालं, पर कंप्युटरला कुनी सांगितलंय? त्यो वाटी समजून तांब्या वततोय."

त्यानं नव्या इंजेक्टरचं आणि सेन्सरचं माप भरलं. धूर थांबला. मला वाटलं, झालं. पण बिरदेव रिकाम्या गाडीवर कधी विश्वास ठेवत नाही. काकूंच्या वजनाचं पेंडीचं पोतं मागे स्ट्रेचरवर आडवं टाकलं, मला बसवलं, आमचा ड्रायव्हर भाऊसो चाकावर आणि बिरदेव शेजारी, लॅपटॉप मांडीला उपरण्यानं बांधून. घाट लागला तशी गाडी पुन्हा दम टाकायला लागली. तो बटणं दाबत राहिला, मग त्यानं झाकण मिटलं.

"कॅमशाफ्ट काढाय लागंल. ह्येनं इंजिन जोरात पळतानाच पुरता श्वास घेतंय. वझं घिऊन हळू चढायचं ह्येचं काम न्हवं. मापानं हुयाचं तेवढं केलं."

मी धनाजीला फोन लावला. अपेक्षेप्रमाणे भडकला. "माझाच का? बाकीच्यांचं बसलं न्हवं? जत्रंला तोंड कसं दावू?"

मी शिवीच देणार होतो. बिरदेवनं फोन ओढून घेतला.

"आरं गड्या, लय जोराचा मेंढा माझा बाप कळपाच्या म्होरं घालायचा न्हाई. त्यो पळत सुटतो, कोकरं मागं ऱ्हात्यात. तुझा माल खोटा न्हाई, जोराचा हाय. पर मागं तुझी काकू झोपलेली असती."



"मग जुनाच घाला," धनाजी म्हणाला. "पर माझा भंगारात टाकू नगा."

"टाकतोय कशाला? शेडमदी टांगतो, तुझं नाव घालून. ये बघायला."

गावच्या मेस्त्रीनं जुना कॅमशाफ्ट फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो मागवून बसवला, बिरदेवनं सगळी मापं पुन्हा जुळवली, पोतं घालून पुन्हा घाट चढवला.

गुरुवारी साताऱ्याहून परतताना मी मागे काकूंजवळ बसलो होतो. चढ लागला. माझे कान इंजिनाकडे, नजर मागच्या काचेकडे. धूर नाही, हिसका नाही. वळणामागून वळण गेलं. वर आलो तेव्हा कळलं, स्ट्रेचरचा दांडा मी इतका घट्ट धरला होता की बोटं आखडली होती.

पुसेगाव दिसायला लागलं तसे काकूंनी डोळे उघडले.

"भाऊसो, घाट कवा लागायचा रं?"

"मागं गेला की, काकू."

"व्हय?" म्हणाल्या आणि पदर डोक्यावर ओढून परत झोपल्या.