कुमारला मारलेली हाक

हा किस्सा तुम्ही कुमारच्या तोंडून ऐकला असेल, तर आधी तो विसरून जा. गणपतीला टोकियोतली मराठी मंडळी जमली, की हा माणूस हातात मोदक घेऊन सुरू होतो, आणि दर वर्षी त्यात मी थोडी जास्त वेडी आणि तो थोडा जास्त शहाणा होत जातो. माती मी खाल्ली, कबूल. पण मला तिथवर नेलं कुणी? ते ऐका, आणि मग काय हसायचं ते हसा!

तेव्हा आम्ही कावासाकीत नवीन होतो. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतून एक तरी नवरा कुठल्यातरी बँकेचं सॉफ्टवेअर सुधारायला जपानला निघाला होता, त्यातलाच आमचा. आठवडाभर ऑफिस, शनिवारी ‘रिलीज’, रविवारी झोप. मी समोरच्या बाल्कन्यांत वाळत घातलेल्या गाद्या बघत बसायची. चार वर्षांची रेवा पाळणाघरात जाऊन फाडफाड जपानी बोलायला लागली होती. माझं जपानी मात्र वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गातलं. रंग, आकार, कुटुंब आणि भूक-तहान एवढे धडे झाले होते. प्राणी पुढच्या धड्यात होते.

एका रविवारी मी भांडले. कडाकडा भांडले! मग साहेब म्हणाले, “बरं, डोंगरात फिरायला जाऊ. सोप्पी वाट आहे. लहान मुलंसुद्धा जातात.”

रेल्वेलाइन संपते तिथलं छोटंसं गाव. लुटुपुटूचे डोंगर, उतारावर चहाचे मळे, देवदाराची झाडी, मधून नीट आखलेली पायवाट. सुंदर होतं हो, नाही कोण म्हणतंय? पण मला सुंदर बघायला वेळ होता का? रेवाला खोकला होता. तिचा स्वेटर, पाणी, पोळीचे रोल, औषध, सगळं असलेली सॅक माझ्या पाठीवर. आणि कुमार तिला खांद्यावर बसवून असा सुटला होता, जणू वर शिखरावर त्याचा मॅनेजर उभा आहे.

वाटेच्या तोंडाशी एक पिवळी पाटी होती. तिच्यावर गोंडस अस्वलाचं चित्र. या देशात गॅसच्या बिलावरसुद्धा कार्टून असतं. मला वाटलं, बिस्किटांची जाहिरात. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या आजी-आजोबांच्या सॅकला घंटी बांधलेली. किणकिण, किणकिण. डोकं उठलं! डोंगरात आलात की देवळात?

“कुमार, थांब ना!” मी ओरडले.

“तू ये गं हळूहळू!” तो वळूनही न बघता म्हणाला.

हळूहळू! तुम्हीच सांगा, सामान बायकोच्या पाठीवर लादून तिला ‘हळूहळू ये’ म्हणणाऱ्या माणसाचं काय करावं?

पुढच्या वळणावर पोचले, तर वाटेला दोन फाटे. आणि कुमार नाही. रेवा नाही. डावीकडे झाडी, उजवीकडे झाडी. खोकणारं पोर, अंगात स्वेटर नाही, खाली दरी, आणि ज्याच्या खांद्यावर आहे तो माणूस स्वतःच्या घरात चष्मा हरवतो. मोबाइल लावला, रेंज नाही.

मग मी बेंबीच्या देठापासून हाक मारली. “कुमाऽऽऽऽर!”

आता राग आला की माझी हाक लांबते, आणि लांबली की शेवटचा ‘र’ दरीत पडतो. म्हणजे डोंगरभर गेलं ते एवढंच: “कुमाऽऽऽ! कुमाऽऽऽऽ!”

खालून येणारा म्हाताऱ्यांचा गट जागच्या जागी थिजला. लाल टोपीवाल्या एका आजींनी माझा हात धरला. “कुमा? दोको?”

‘दोको’ म्हणजे कुठे, हे मला स्टेशनवरच्या अनुभवाने पक्कं माहीत. मला केवढा धीर आला! अनोळखी बाई, पण लगेच विचारतेय, कुमार कुठे आहे. मी वर झाडीकडे बोट केलं.

मग वाटलं, नवऱ्याचं वर्णन द्यावं, म्हणजे शोधायला बरं. शिकलेला प्रत्येक शब्द पणाला लावला. “ओओकी!” म्हणजे मोठा. दोन्ही हात पसरून दाखवलं. जपानला आल्यापासून सुटलाच आहे तो. “कुरोई!” म्हणजे काळा. मला जॅकेट म्हणायचं होतं, पण जॅकेटला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून अंगभर हात फिरवून दाखवले.

आजींच्या तोंडाचा ‘आ’ झाला.

“कोदोमो,” मी म्हणाले. मूल. “इश्शो.” सोबत. आणि पुन्हा झाडीकडे बोट.

गटातली एक बाई मटकन खाली बसली. मला वाटलं, काय हळवी माणसं आहेत! आता खाऊचा प्रश्न उरला होता. पोळीचे रोल माझ्याकडे आणि ते दोघं तिकडे उपाशी. म्हणून मी पोटावर हात मारून सांगितलं, “कुमा, ओनाका सुइता!” कुमारला भूक लागली आहे.

एका आजोबांनी शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली. सगळ्या घंट्या एकदम वाजायला लागल्या. टोपीवाल्या आजी थरथरत्या आवाजात म्हणाल्या, “गोशुजिन वा?” तुमचे यजमान?

“कुमा!” मी वैतागून म्हणाले. मघापासून दुसरं काय सांगतेय? “गोशुजिन, कुमा!”

आजींनी डोळे मिटले आणि हात जोडले.

पुढचं सगळं भराभर झालं. मला दोन्ही बाजूंनी धरून खाली गावात आणलं. मी मागे वळून “कोदोमो, कोदोमो” म्हणून रडत होते आणि माझ्याबरोबर त्या आजीही रडत होत्या. कुणी पुढे पळत जाऊन वर्दी दिली असावी, कारण एवढ्यात गावातल्या खांबांवरचे भोंगे बोलायला लागले. गंभीर आवाजात, सावकाश, सगळ्या दरीत घुमत: काहीतरी कुमा, काहीतरी कुमा.

मला भरून आलं हो! काय देश आहे! एका परक्या बाईचा नवरा चुकला, तर अख्खं गाव भोंग्यावरून त्याच्या नावाने हाका मारतंय! आणि खरं सांगते, रडता रडता जरा बरंही वाटलं. ऐक आता! माझ्या हाकेला ओ देत नव्हतास ना? आता सगळी दरी ओरडतेय, ऐक!

चहाच्या दुकानासमोर अग्निशमन दलाची गाडी येऊन थांबली. हेल्मेटवाली माणसं उतरली. हातात लांब काठ्या. त्यांच्यामागून एक आजोबा उतरले. त्यांच्या हातात बंदूक.

बंदूक?

मी रागावले होते, मान्य आहे. पण इतकी नव्हते!

“दामे! दामे!” नको, नको, म्हणून मी त्यांना आडवी गेले. त्यांनी अतिशय कणवेने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाच्या दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं. तीच पिवळी पाटी. तेच गोंडस अस्वल. बोट अस्वलावर ठेवून ते हळू म्हणाले, “कुमा.”

कुमा म्हणजे अस्वल.

म्हणजे त्या घंट्या अस्वलांना दूर ठेवायला होत्या! मी मनातल्या मनात सगळं पुन्हा म्हणून पाहिलं. मोठं अस्वल. काळं. मूल घेऊन गेलं. भुकेलेलं आहे. नवरा? अस्वल!

धरणी दुभंगून पोटात घेते ना, तशी त्या गावात सोय नव्हती.

तेवढ्यात रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून कुमार धावत आला. खांद्यावर रेवा, घामाघूम, चेहरा पांढराफटक.

“मुग्धा! अगं कुठे होतीस तू? चल आधी इथून! अस्वल सुटलंय! भोंग्यावर सांगतायत, कुणाच्या तरी मुलाला उचलून नेलंय. आणि त्या बिचारीच्या नवऱ्यालासुद्धा!”

“कुमार,” मी म्हणाले, “ती बिचारी मी आहे.”

“म्हणजे?”

“मी तुला हाक मारली रे. त्यांनी विचारलं कुठे, मग मी तुझं वर्णन सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“मोठा. काळा. भूक लागलेली.”

“काळा?” एवढ्या सगळ्यात या माणसाला तेवढंच लागलं! “मी काळा?”

“जॅकेट रे! जॅकेट म्हणायचं होतं मला! आणि तू का नाही थांबलास फाट्यावर? पोरीला स्वेटर नाही, पाणी नाही, मी इथे मरतेय, आणि तू...”

बोलता बोलता माझा आवाज कुठवर चढला, ते मला कळलं नाही. बंदूकवाले आजोबा एक पाऊल मागे सरकले, तेव्हा कळलं. रेवाला खाली ओढून छातीशी घेतलं, स्वेटर चढवला, कपाळ पाहिलं. ठणठणीत होती. कुमार मात्र ऑफिसात शिकलेलं सगळं नमन वापरून प्रत्येक हेल्मेटसमोर कंबरेत वाकत होता आणि स्वतःकडे बोट दाखवून सांगत होता, “कुमार देसु. कुमा-र. र.”

आधी कुणी हसलं नाही. मग एकाला आवरेना, मग दुसऱ्याला. बंदूकवाले आजोबा तर एका काठीवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले.

टोपीवाल्या आजींनी अजून माझा हात सोडला नव्हता. डोळे पुसत त्या रेवापुढे वाकल्या आणि लाडाने म्हणाल्या, “कुमा-सान, कोवाकात्ता?” अस्वलाची भीती वाटली का गं?

रेवाने आधी बाबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या त्या पाळणाघरातल्या स्वच्छ, खणखणीत जपानीत, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, “कुमा नाही कोवाई. ममा कोवाई.” अस्वलाची नाही, ममाची भीती वाटते.

‘नाही’ तेवढं मराठी होतं. पण कळलं सगळ्यांना.

आजींनी इतका वेळ घट्ट धरून ठेवलेला माझा हात हळूच सोडून दिला.