आंबिलीची चव

आंबील शिजल्याचा वास आला की आजही माझी मान खाली जाते. लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्या होत्या. दवनीवाड्याला सासरी नैवेद्याची आंबील ढवळताना मी रोजच्या सवयीनं मीठ बघायला थेंबभर चाखली.

"उष्टं केलंस न वं सारं!" चुलतसासू ओरडल्या. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मला रडू फुटलं.

सासूबाईंनी माझ्या हातातली पळी घेतली आणि स्वतः चाखली. "मीठ कमीच हाये. रडतेस कायले? दुसरी रांधू."

तेव्हा वाटलं, सुटले. संध्याकाळी नणंदेनं सांगितलं, नैवेद्य होईस्तोवर सासूबाईंचा निर्जळी उपवास असतो. तो आज पहिल्यांदाच मोडला.

मान खाली घालूनच मी त्यांच्या पानात पुरण वाढलं. त्या म्हणाल्या, "अजून वाढ वं, भूक लागली."