मेथी निवडताना

आई मेथी निवडता निवडता पुटपुटतेय, "आय वेन्ट, शी वेन्ट, दे वेन्ट." माझी मुलगी बाहेर झोपाळ्यावर एकटीच बसलीय. परदेशात वाढलेली, तिला मराठी येत नाही.

"आधी भूतकाळच का गं?" मी विचारतो.

"तिला तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायच्यात ना. त्या सगळ्या होऊन गेलेल्या."

मीही एक जुडी ओढून घेतो. तिकडे आमच्या घरी मराठी येणारा मी एकटाच, आणि मीही लेकीशी इंग्रजीतच बोलतो. सोपं पडतं.

"शाळेत सोडताना तू खूप रडायचास, हे कसं सांगू रे?"

मी सांगतो. माझ्या हातून काड्या पानांत पडतायत. आई त्या वेचून काढते आणि घोकत राहते, "ही क्राइड अ लॉट. ही क्राइड अ लॉट."